२२ मिनिटांच्या फिल्ममध्ये गाणं कुठे बसवायचं?

मुंबरीची

देवगडची आहे, तारामुंबरीच्या खाडीकाठची. लग्नांचे व्हिडिओ करून पोट भरते. त्यातनं उरलेल्या पैशांत आम्ही चौघं मिळून मालवणीत एक छोटी फिल्म करतोय, २२ मिनिटांची. गोष्ट एवढीच, की नवरा गेल्यावर मागे राहिलेली जुनी लाकडी होडी मुलगा आईला न सांगता विकतो आणि स्वतः दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. आईचं काम माझी सख्खी मावशी करतेय. होडी मामाची.

अडचण गाण्याची आहे. मैत्रिणीने ओवीच्या चालीवरून एक गाणं बांधलंय, ३ मिनिटं ४० सेकंद. ऐकणारा प्रत्येक जण गप्प होतो इतकं चांगलं झालंय. पण मुंबईचा एडिटर म्हणतो, काढून टाक, गोष्ट थांबते. मी तीन ठिकाणी लावून बघितलं. सुरुवातीला नावांवर लावलं तर देवगड पर्यटनाची जाहिरात वाटते (पवनचक्क्या, दीपगृह, किल्ला, ड्रोन हातात असला की मोह आवरत नाही). शेवटी होडी गेल्यावर लावलं तर रडगाणं होतं. मध्ये, आई होडीला तेल लावत असते तिथे, बरं वाटतं. का बरं वाटतं हे मात्र मला एडिटरला सांगता येत नाही.

त्यात आणखी एक गाढवपणा केलाय. एका शनिवारी दुपारी चारला मुखडा शूट केला, पुढच्या शनिवारी बरोबर चारला अंतरा. उजेड जुळावा म्हणून वेळ सांभाळली आणि पाणी विसरले. मुखड्यात होडी तरंगतेय, अंतऱ्यात चिखलात कलंडलीय. मुंबरीची असून! ओठही जुळत नाहीत. ब्लूटूथ स्पीकर लावला होता, वाऱ्यात मावशीला ऐकूच जात नव्हता.

हिंदीतले जुने डायरेक्टर गाण्याची जागा कशी ठरवायचे आणि ते चित्रित कसं करायचे, याबद्दल कुणी अनुभवाचं सांगेल का? घाई आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी मामा होडी वर ओढून झापांनी झाकणार.

नेरूरपारचा

एडिटर बरोबर बोलतोय. १९६० साली बी. आर. चोप्रांनी 'कानून' एकही गाणं न घालता काढला. १९६९ चा 'इत्तेफाक' पण तसाच. लोकांनी बघितलेच ना? २२ मिनिटांत पावणेचार मिनिटं गाणं म्हणजे जेवणात निम्मं ताट पापड. गाणं यूट्यूबवर वेगळं टाका, फिल्म मोकळी ठेवा.

केबिनवाला

नेरूरपारवाले, 'कानून' ही कोर्टातली केस होती. वकील उलटतपासणीत गायला लागला असता तर जज्जच हसला असता. तिथे गाणं नव्हतं म्हणून मुंबरीतल्या बाईने पण तोंड शिवून बसायचं का?

बाय, मी सिनेमा शिकलेला माणूस नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीज होतं, तिथे तेवीस वर्षं ऑपरेटर होतो. गावाचं नाव कशाला, ती जागाही आता राहिली नाही. केबिनमध्ये दोन मशिनं, कार्बनच्या कांड्या जळायच्या, मे महिन्यात बनियनवर बसून पण घामाच्या धारा. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वरती गोल ठिपका दिसतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा ठिपका दिसला की उडी, म्हणजे चित्र त्या दुसऱ्या मशीनवर. प्रेक्षकाला कळता कामा नये. माझं अर्धं आयुष्य त्या कोपऱ्यावर नजर लावण्यात गेलं. हिरॉइनचा चेहरा कमी बघितला, तिच्या डोक्यावरचं आभाळ जास्त.

गाण्याची जागा म्हणजे काय ते मला ब्लेडने शिकवलं. आमचा मालक जत्रेच्या दिवसांत एक खेळ जादा लावायचा. तीन तासांचा पिक्चर अडीच तासांत बसवायचा तर कुठूनतरी कापायला पाहिजे. त्याचा हुकूम ठरलेला: गाणी काप, मारामारीला हात लावू नको. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. चार मिनिटांचं गाणं म्हणजे ३६० फूट. तेवढं गाणं जमिनीवर सोडलं तर केबिनच्या दारातून जिन्याखाली, जिन्याखालून तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाईल. दाढीच्या ब्लेडने दोन ठिकाणी कापायचं, टोकं खरवडायची, सिमेंटने (फिल्म चिकटवायचा द्रव, बांधकामातलं नव्हे) चिकटवायची, कापलेला तुकडा गुंडाळून डब्यात ठेवायचा आणि पेटी परत पाठवायच्या आधी जोडायचा. पाप होतं, पण पगार त्याचाच होता.

'शोले' आमच्याकडे उशिराने आला आणि जत्रेत लागला. हा तीन तासांहून मोठा. मालक म्हणाला, चार गाणी उडव. मी रात्री रिकाम्या थिएटरात रिळं लावून बसलो आणि ब्लेड हातात धरूनच राहिलो.

'महबूबा महबूबा' घे. वरून बघितलं तर नुसता हेलनचा नाच, कथेशी संबंध काय? पण नाच चालू असताना जय आणि वीरू अंधारातून सरपटत येतात आणि सुरुंग लावतात. ते गाणं काढलं तर पुढच्या सीनला गब्बरचा दारूगोळा आपोआप उडतो, शिमग्यातल्या फटाक्यासारखा. होळीचं गाणं घे. सगळं गाव रंगात, बघणारा पण पाय पसरून बसलेला, आणि गाणं संपतं न संपतं तो डाकू गोळ्या झाडत घुसतात. गाणं काढलं तर डाकू येतात, पण दचकायला माणूस सैल झालेला नसतो. आणि बसंतीचा काचांवरचा नाच? तिचे पाय चालतायत तोवर वीरू जिवंत, हे गब्बरने आधीच सांगितलेलं. गाणं म्हणजेच तिथे मारामारी. मालकाने जिला हात लावू नको सांगितलं होतं तीच.

शेवटी टांग्यातलं 'कोई हसीना' कापलं. गाणं गोड आहे, पण रुसलेली बसंती हसते एवढंच त्यात होतं, आणि ती पुढे हसणारच होती. मालकाला चार गाणी पाहिजे होती, एक मिळालं. महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मग मला नादच लागला. कुठलाही नवा पिक्चर आला की पहिल्या खेळाला मनातल्या मनात ब्लेड फिरवायचं. हे निघेल, हे नाही निघणार. दुसरा काटा दाराचा. केबिनच्या खिडकीतून बाहेर जायचं दार दिसायचं. गाणं लागलं की बिडी ओढायला उठणारे किती, ते मी बघायचो. दार उघडलं की उजेडाची पट्टी भिंतीवर पडते. काही गाण्यांना दहा-दहा पट्ट्या. हेलनला एक पण नाही, पण ते वेगळं.

आता माझं ब्लेड जिथे चुकतं ते पण सांगतो, नाहीतर पुढे कोणीतरी पकडेलच. 'कागज के फूल', १९५९. मी तो मुंबईत मॅटिनीला बघितला, सुट्टी काढून. 'वक्त ने किया' या गाण्यात काही घडतच नाही. गुरुदत्त आणि वहिदा लांब-लांब उभे, कोणी ओठ हलवत नाही, गीता दत्तचा आवाज कुठूनतरी येतोय. वरून उजेडाचा एक झोत. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवर झेलून स्टुडिओत आणलं होतं. मग दोघांच्या शरीरातून त्यांच्या सावल्यांसारख्या आकृत्या निघतात आणि एकमेकांकडे चालत जातात, शरीरं जागेवरच. ब्लेडच्या हिशोबाने ते निघतं. पुढचा सीन अडत नाही. पण ते काढलं तर हे दोघे एकमेकांना कधी काय बोलले, ते पिक्चरभर कुठेच उरत नाही. पडद्यावर जे घडणार नाही ते फक्त तिथे घडून गेलेलं असतं. हा पिक्चर पडला म्हणतात. असेल. त्या दिवशी थिएटरात पंचवीस माणसं होती आणि दार बंद होतं.

आता तुझं. तुझी बाई तेल लावते आणि गाते. छान. तेवढ्यात होडीचं काय होतं? काही नाही. म्हणून एडिटरचं ब्लेड शिवशिवतं. मुलगा होडी विकतो तो सीन तू वेगळा घेतला असशील, हॉटेलात चहा पिताना किंवा जेटीवर, बरोबर ना? तो सीन काढून टाक आणि विक्री गाण्याच्या पोटात घाल. बाई पुढे, होडीशी. मागे लांब धक्क्यावर मुलगा आणि गिऱ्हाईक, बोलणं ऐकू न येणारं. दुसऱ्या अंतऱ्यात गिऱ्हाईक खिशात हात घालतो, विसार देतो. मुखडा सुरू होताना होडी बाईची, परत मुखड्यावर येते तेव्हा दुसऱ्याची, आणि हे फक्त बघणाऱ्याला माहीत. मग बघू कोण कापतो.

कट टू

मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या अंधेरीत असिस्टंट एडिटर. काका, तुमचं ब्लेड प्रकरण आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं.

थोडा वाद घालतो. गाण्याला नेहमी कथेची मजुरी करायला लावायची गरज नाही. 'रजनीगंधा' (१९७४) मध्ये विद्या सिन्हा आणि दिनेश ठाकूर टॅक्सीतून जातायत. दोघं गप्प. मुकेशचा आवाज मागे चाललाय, 'कई बार यूं भी देखा है'. सुरुंग नाही की विसार नाही. पण ती ज्या गोष्टीची स्वतःशी पण कबुली देत नाही, ती गाणं परस्पर सांगून टाकतं. बासू चटर्जी हे फार करायचे. 'मंजिल' (१९७९) मध्ये 'रिमझिम गिरे सावन' दोनदा आहे. किशोरचं मैफलीत, ओठ हलवून, नीटनेटकं. लताबाईंचं मुंबईच्या खऱ्या पावसात, मरीन ड्राइव्हला अमिताभ आणि मौसमी भिजत चाललेत, कोणी गात नाही, के. के. महाजनचा कॅमेरा त्यांच्या मागे-पुढे. चाल तीच. लोकांच्या लक्षात कुठलं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मावशीला गायलाच लावू नका. आवाज मागे ठेवा, ओठांचा प्रश्नच मिटतो.

गायला लावायचंच असेल तर वायरने जोडलेला मोठा स्पीकर घ्या. ब्लूटूथला आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि ओठांना तेवढं पुरतं. गाण्याच्या आधी चार ठोके रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे मावशी श्वास घेऊन तयार राहील. आणि तिला मोठ्याने, खरोखर गायला सांगा, बेसूर असली तरी. नुसते ओठ हलवले की गळ्याची शीर हलत नाही आणि क्लोजअपमध्ये चोरी पकडली जाते.

चित्रण शिकायचं तर विजय आनंद बघा. 'गाइड' (१९६५) मधलं 'तेरे मेरे सपने'. संध्याकाळचा उजेड, फली मिस्त्रींचा कॅमेरा, मोजकेच लांबलचक शॉट. रोझी नवऱ्यापायी मोडलेली आहे, राजू तिला समजावतोय. ती लांब जाते, कॅमेरा तिच्याबरोबर जातो, ती वळून परत येते. कट मारला असता तर 'ती आता परत आली' असं आपण दाखवलं असतं. कट नाही म्हणून तिचं मन वळताना आपण तिच्याबरोबर चालत असतो. त्याच पिक्चरमधलं 'आज फिर जीने की तमन्ना है' मुखड्यापासून सुरूच होत नाही, आधी अंतरा येतो. बाई नुकतीच बंधनातून सुटलीय, ती ध्रुवपदाची वाट कशाला बघेल? चित्तोडच्या किल्ल्यावर तुमच्यासारखाच ड्रोनचा मोह कुणालाही झाला असता. विजय आनंदनी तिच्या पावलांवर लक्ष ठेवलंय.

आणि गुरुदत्त. त्यांच्या बऱ्याच गाण्यांना वाजंत्रीची लांब प्रस्तावना नाहीच. वाक्य संपतं आणि त्याच श्वासात गाणं. 'आरपार' (१९५४) मधलं गॅरेजमधलं 'सुन सुन सुन सुन जालिमा' बघा, भांडण कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येत नाही. तुमच्या गाण्याला सुरुवातीला बासरी आहे का? असणारच. काढा.

स्लो मोशन करायचं डोक्यात असेल तर एक युक्ती: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, सेकंदाला ४८ फ्रेमवर शूट करायचं, २४ वर दाखवायचं. चाल मंद, ओठ बरोबर. 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) मधलं 'पहला नशा' असंच केलंय. पण मावशीला दुप्पट वेगात ओवी म्हणायला लावू नका, जेवायला घालणार नाही ती.

पायपेटी

बाय गो, माका पिक्चरातला काय कळणा नाय. मी दशावतारात पेटी वाजवतंय, तीस वर्सां झाली. आमच्यात कागदार लिवलेला काय नसता. कथा ठरता, बोलणा ज्येचा त्येना उभ्या-उभ्या करूचा. मग गाणा कधी येता? राजपार्टी, म्हंजे राजाचा काम करणारो, बोलता बोलता थांबता. शब्द सपले, रागान नायतर दुखान, काय तो माझ्याकडे बघता. नुसता बघता. तेवढ्यात सूर देवक होयो. आदी दिलंय तर तो डोळे वटारता, उशिरा दिलंय तर लोकां खोकूक लागतत. मृदंगवालो माझ्या हाताकडे बघता, मी तेच्या डोळ्यांकडे.

पहाटे तीनाक म्हाताऱ्यो बायको शाल घेवन आडव्यो झालेल्यो असतत. स्त्रीपार्टी पद म्हणूक लागलो काय उठान बसतत. मी इतकी वर्सां बघतंय, त्यो गाण्याक उठणत नाय. गाण्याच्या आदी जो गप्पपणा येता, त्याका उठतत. तुझ्या पिक्चरात ती बाय गाणा म्हणूच्या आदी किती येळ गप्प रवता, ता आदी बघ. ता मेकळा ठेव, थय बासरी नको नि समुद्राची गाज पण नको.

आणि भरतीचा तुका घरात कोणी सांगूक नाय? तिथीची पाऊणपट कर. पंचमी तर पाच पाऊण पावणेचार, म्हणान तुझ्या पयल्या शनवारी चाराक होडी तरंगत होती. पुढच्या शनवारी बारस. बारा पाऊण नऊ, नवाक भरती, तीनाक सुकती. होडी चिखलात बसतली नायतर खय जातली? रोज पाऊण तास फुडे सरकता. जुळणी होयी तर पंधरा दिवस थांब, नायतर सगळा एकाच दिवसात घी.

मुंबरीची

सगळ्यांचे आभार. पायपेटीकाका, तिथीचं गणित आजोबा करायचे, मी मोबाइलवर भरतीची वेळ बघते आणि त्या दिवशी तीही बघितली नाही. लाज वाटली.

विक्रीचा सीन खरंच वेगळा घेतलाय, हॉटेलात चहा पितानाच. केबिनवाले काका, तुम्ही कुठून बघितलंत? आणि हो, बासरी आहे. अठरा सेकंद.

मामाला गाण्यात विक्री घालायची कल्पना सांगितली. तो सगळं ऐकून म्हणाला, ते ठीक आहे, पण पाण्यात असलेल्या होडीला तेल कोण लावतं? ओली फळी तेल धरत नाही. बंदरावरचे लोक गाणं राहू दे, हेच बघून हसतील. मी म्हटलं मग काय करते बाई? तर म्हणाला, साफ करते. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, ते पाणी उतरताना खरवडायचे असतात. वरची फळी आधी उघडी पडते, मग तिच्याखालची. पाण्याच्या मागोमाग खाली-खाली यायचं.

त्यामुळे आता असं चाललंय डोक्यात: एकाच दिवसात, भरतीपासून सुकतीपर्यंत. सुरुवातीला मावशी कमरेएवढ्या पाण्यात, उभी राहून वरची फळी खरवडतेय. शेवटी चिखलात उकिडवी, होडीच्या बुडाशी. मुलानेच तिला सांगितलंय, होडी जरा साफ करून ठेव. कशासाठी ते तिला ठाऊक नाही.

पण मग कट टू यांचे लांब शॉट कसे घेऊ? सहा तासांचं पाणी पावणेचार मिनिटांत उतरणार म्हणजे कट आलेच. आणि मे महिन्यातलं दुपारचं ऊन. डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख येतो.

केबिनवाला

मामाला माझा नमस्कार सांग. तुमच्या फिल्मचा डायरेक्टर तोच आहे.

मुलाने साफ करायला सांगितलं हे उत्तम. ते वाक्य गाण्याच्या आधीचं शेवटचं वाक्य ठेव. मग पायपेटीवाले म्हणतात तसा गप्पपणा, फक्त शिंपले खरवडायच्या पट्टीचा खरखर आवाज, आणि त्या खरखरीवरच पहिली ओळ.

कटचं म्हणशील तर पाण्याची रेघच तुला कट देते. एक फळी, एक शॉट. प्रत्येक शॉट लांब ठेव, फळी बदलली की कट. चार-पाच शॉटमध्ये गाणं होईल. धक्क्यावरची माणसं मात्र प्रत्येक वेळी त्याच बाजूला दिसू देत. आधी दोघं उभी, मग टेकलेली, मग हात खिशात. जवळ जाऊन विसार दाखवू नकोस हं. नोटा दिसल्या की लोक मोजायला लागतात.

उन्हाचं: मूर्तींनी आरसे लावले, तू पांढरी चादर लाव. दोघांनी धरायची, खालून तोंडावर उजेड येईल. पाण्यात आहे तोवर पाणीच उजेड फेकतं, चादर चिखल लागल्यावर. पुनवेला नाहीतर अवसेला घेशील तर भरती सव्वाअकराला, सुकती साडेपाचला. शेवटचा शॉट तिरप्या उन्हात मिळेल. सुरुवातीच्या शॉटला डोक्यावर पदर घेऊ दे, कामाला बाई तशीच जाते.

एक गंमत सांगायची राहिली. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारीच असते, पण त्या-त्या चित्राचा आवाज सुमारे २० फ्रेम आधी छापलेला असतो, कारण मशीनमध्ये आवाज वाचायची जागा चित्राच्या खिडकीच्या पुढे असते. त्यामुळे मी गाणं कितीही सफाईने कापलं तरी त्याचा पहिला सूर मागे राहायचा. पाऊण सेकंद. टांग्याचं गाणं कापलं तेव्हा पुढचा सीन सुरू झाला आणि त्यावर गाण्याचा तो सूर वाजून बंद पडला. अख्खं थिएटर ओरडलं. रेडिओवर ऐकून सगळ्यांना पाठ होतं ना. एक जण तर केबिनखाली येऊन उरलेलं गाणं स्वतः म्हणत उभा राहिला, अंतऱ्यासकट.

कट टू

काका, हे माझ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, आम्ही हल्ली हाच परिणाम मुद्दाम करतो, मागचा आवाज पुढच्या सीनवर नेतो.

मुंबरीची, तुमच्या एडिटरला घाबरू नका. सगळे शॉट त्याला लांबचे-लांबच द्या, दोन्ही टोकांना दहा-दहा सेकंद जादा. कापायला लागेल तेव्हा कळेल त्याला.

नेरूरपारचा

मी अजून म्हणतो गाणं नको. पण शूटिंग कधी आहे? चादर धरायला माणूस लागेल तर येतो.

मुंबरीची

अवसेला झालं शूटिंग. थोडक्यात लिहिते, कारण अंगाला अजून चिखलाचा वास येतोय.

साडेअकराला सुरू केलं. मावशी पाण्यात उतरली आणि पहिल्या टेकला इतक्या मोठ्याने गायली की समोरच्या काठावरचे दोघे जाळं सोडून बघत राहिले. आवाज मागे ठेवायचा की ओठ हलवायचे, यावर मी सकाळपर्यंत अडकले होते. शेवटी निम्मंनिम्मं केलं. वरच्या फळीला असताना ती गाते, खाली येता येता गाणं मागे जातं आणि ती नुसती खरवडते. शेवटच्या शॉटमध्ये ओठ बंद, आवाज चालू. का ते विचारू नका, तिथे तिला गाता येईना. दम लागला होता. पण ते बरोबर दिसतंय.

बासरी काढली. मैत्रीण दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच म्हणाली, नको होती.

नेरूरपारवाल्यांनी साडेतीनपासून साडेपाचपर्यंत चादर धरली. हात खाली आला नाही माणसाचा. संध्याकाळी सोलकढी पिताना परत म्हणाले, गाणं नको.

आणि एक झालं. चौथा शॉट, पाणी पार उतरलेलं, धक्क्यावर आमचे दोन नट बोलतायत, मामा कॅमेऱ्याच्या मागे. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ धक्क्यावरून चालत आले, होडी साफ होताना बघितली आणि सरळ आमच्या गिऱ्हाईकाच्या शेजारी उभे राहून मुलाला भाव विचारायला लागले. त्यांना कॅमेरा दिसलाच नाही. आमचा नट हुशार, त्याने काम थांबवलं नाही, त्यांच्याशी पण बोलत राहिला. तिघंही फ्रेममध्ये. मावशी खाली खरवडतेय. ४२ सेकंदांचा टेक. एडिटर म्हणतो, हा नवीन माणूस कोण, पण शॉट ठेवतोय.

केबिनवाला

ठेवच. गिऱ्हाइकं दोन झाली तर मुलाचा हात लवकर पुढे जातो.

पण मला हे सांग, पोराने त्याला भाव किती सांगितला?

मुंबरीची

त्याने आकडा बोललाच नाही, नुसतं मामाकडे बघितलं. मामाने कॅमेऱ्याच्या मागून मान हलवली. नाही म्हणून.